दोऊदोऊचा कंदील

ब्रुकलिन, आठवा अॅव्हेन्यू
४ ऑक्टोबर २००५

शिंगवांग,

फोनवर तू दोनदा 'हं' करतोस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाही, म्हणून लिहितेय. लाओ वेई दर सोमवारी बस भरून पोरांना तुमच्या टेनेसीकडच्या बुफेच्या हॉटेलांत कामाला पोहोचवतो. त्याच्याबरोबर हे पत्र आणि तांबड्या तांदळाच्या दारूत शिजवलेल्या कोंबडीची बरणी पाठवतेय. आधी पत्र वाच, मग बरणी उघड. मी तुला ओळखून आहे.

बाळ छान आहे. नाक तुझं, आवाज तुझ्या बापाचा. तुझ्या रुईफांगने तिचं लाडाचं नाव दोऊदोऊ ठेवलंय, म्हणजे शेंगदाण्याएवढ्या पोरीला वालाचं नाव. तू तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसलास तेव्हा तिने डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. दवाखान्यात तुझ्या बायकोला बर्फाचं पाणी प्यायला दिलं हे कळल्यावर मी तिथल्या बाईला आपल्या भाषेत जे काही बोलले, ते तिला कळलं नाही हे तिचं नशीब.

बाळंतपणाचा महिना मी नीट करून घेतेय. केस धुवायचे नाहीत, गार पाण्यात हात नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही आणि दुसऱ्याच्या घरात तर मुळीच नाही, महिन्याच्या आतली बाळंतीण कुणाच्या घरात शिरली तर त्या घराला विटाळ. हे सगळं तुझी बायको ऐकते. पण ऐकण्याची तिची तऱ्हा वेगळी आहे. काल मला म्हणते,

"आई, वरच्या मजल्यावरची श्वेलियन काय खात असेल हो?"

"मला काय ठाऊक? मी काय तिची सासू आहे?"

"गार दूध आणि पाव खाते. तिच्या कचऱ्याच्या पिशवीत दिसलं."

"बाळंतिणीने लोकांच्या कचऱ्यात डोकावू नये."

"बरं. मग बाळंतिणीच्या सासूने तरी तिच्या ताटात डोकावावं."

म्हणजे वाडगं भरून जिना मी चढायचा! चढले. ती श्वेलियन वीस-बावीस वर्षांची पोर, नुकतीच बाळंत झालेली, नवरा ओहायोत कढईपुढे उभा, आई-सासू दोघी समुद्रापलीकडे. पहिला घोट घेतला आणि वाडग्यातच रडायला लागली. मी म्हटलं, "रडायचं तर रड, पण आधी गरम आहे तोवर पी." आता रोज दोन वाडगी शिजतात.

मी कशाला आलेय ते विसरलेले नाही. ज्या तांबड्या झोळीत तुला पाठीला बांधून मी शाळेत शिकवायला जायचे, ती बरोबर आणली आहे. मार्चमध्ये माझ्या व्हिसाची मुदत संपली की तीत दोऊदोऊला बांधून मी गावी नेणार. आई-बाप दोघं कामावर असलेल्या सगळ्यांची मुलं जातात तशी. तुझ्या डॉलरांनी बांधलेल्या चार मजली घरात मी एकटी राहते आणि खालच्या मजल्यावर कोंबड्या राहतात. तिसऱ्या मजल्यावरची खोली मी रंगवून ठेवलीय, पाळणाही आणलाय. गावातल्या बायका विचारतात, "मास्तरीणबाई, नात कधी आणता?" मी सांगून बसलेय.

तुझी आई


२० नोव्हेंबर २००५

शिंगवांग,

बरणी न धुता परत पाठवलीस. तुझी वर्गशिक्षिका म्हणून मी काय शिकवलं, असा प्रश्न मला पडला.

दोऊदोऊचा महिना पुरा झाला. तांबडी अंडी सगळ्या इमारतीत वाटली. तिच्या बापाचा वाटा लाओ वेईने वाटेत खाल्ला असेल तर त्याच्याशी भांड.

आता दुसरी गोष्ट. श्वेलियनने तिच्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने न्हाविणीला, न्हाविणीने अख्ख्या रस्त्याला. दार वाजतं आणि कुणीतरी अवघडून विचारतं, "काकू, आमच्याकडेही डबा मिळेल का?" इथे आपल्याकडच्या किती पोरी एकट्या बाळंत होतात ते मला माहीत नव्हतं. नवरे सगळे तुझ्यासारखे दूर, कुठल्या कुठल्या गावांत. मी आपली म्हणत होते, एक-दोन वाडगी जास्त, त्यात काय! रुईफांगने मात्र भिंतीवर कागद चिकटवला आणि मला प्रश्न विचारायला बसली. पहिल्या आठवड्यात काय, दुसऱ्यात काय, कुणाला दारू चालत नाही, दूध येत नसेल तर काय, ऑपरेशन झालं असेल तर काय. मी सांगेन तसं तिने शिजवलं, तिने शिजवलेलं मी नावं ठेवत चाखलं, आणि तिसऱ्या दिवशी नावं ठेवायला काही उरलं नाही. शिवणाच्या कारखान्यात कॉलर जोडण्यात हिची हयात गेली, हाताला चव कुठून आली देव जाणे.

डबे कापडात गुंडाळून, आत गरम विटेचा तुकडा ठेवून, ती स्वतः पोहोचवते. घरमालकाने जिन्यात कोंबडीचा वास येतो म्हणून कटकट केली. दुसरी बाई असती तर गप्प बसली असती. ही थेट आपल्या गावकीच्या हॉलवर गेली, न्हाव्याच्या दुकानावर आहे तो. पुढे देव, मागे स्वयंपाकघर, दिवसभर कुलूप, संध्याकाळी म्हाताऱ्यांचा माहजोंगचा डाव. चावी बाओशान काकांकडे. काका म्हणाले,

"देवाच्या हॉलमध्ये बाळंतिणीचं जेवण? सोयर शिरेल!"

ही म्हणते, "काका, बाळंतीण हॉलमध्ये येतच नाही. जेवण तिच्याकडे जातं. जेवण जिना उतरतं, सोयर जिना चढत नाही."

"आणि देवाला कोंबडीचा वास?"

"वर्षातून तीनदा तुम्हीच देवापुढे अख्खी कोंबडी ठेवता. वास ओळखीचाच आहे त्यांच्या."

काका हसले, आणि हसलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. दुपारी चारपर्यंत स्वयंपाकघर वापरायला दिलं.

मी मागे उभी होते. शिंगवांग, तुझी बायको मान खाली घालून बोलते पण मागणं एक इंचसुद्धा खाली आणत नाही. मला फार गंमत वाटली. अभिमानही वाटला, तो तिला सांगितला नाही.

तुझी आई


९ जानेवारी २००६

शिंगवांग,

लाओ वेईबरोबर तू निरोप पाठवलास, तोही भर रस्त्यात मोठ्याने सांगायला: 'डब्यांचं खूळ पुरे, पोर आईबरोबर गावी जाऊ दे आणि रुईफांगने कारखान्यात परत जावं.' रुईफांगने ऐकलं, "बरं" म्हणाली आणि लाओ वेईला चहा दिला. तिचं ते 'बरं' मला आता कळायला लागलंय. त्यात हो नसतं.

इकडे काय झालं ते ऐक. डब्यांना हात कमी पडायला लागले. तिने मदतीला कोण घ्यावं? ज्यांचा महिना संपलाय त्याच पोरी! श्वेलियन आली, तिच्यामागून आणखी पाच-सहा. पण पोरीबरोबर तिचं तान्हं येणारच. तेव्हा हॉलच्या मागच्या खोलीत गोधड्या टाकल्या. एकीने सगळ्यांची बाळं बघायची, बाकीच्यांनी चिरायचं, शिजवायचं, डबे न्यायचे. भूक लागली की ज्याची त्याने आपापली आई हाक मारून बोलवायची. आवाज असा होतो की माझी पहिलीची वर्गखोली आठवते.

डिसेंबरात श्वेलियनचं बाळ जाणार होतं. विमानाने गावी जाणाऱ्या कुणा अनोळखी बाईच्या मांडीवर ते द्यायचं ठरलं होतं. जाते वेळी श्वेलियनने त्याच्या कपाळाला चुलीची काजळी लावली, वाटेत घाबरू नये म्हणून, आणि मग तिचे हात सुटेचनात. रुईफांगने त्या बाईला सांगितलं, "ताई, तुम्ही एकट्याच जा. आज तुमची मांडी मोकळी." त्या दिवसापासून आमच्यापैकी एकही बाळ विमानात बसलेलं नाही. डब्यांचं खूळ म्हणतोस ना, ते खूळ हे आहे.

पण बाओशान काकांना मागची खोली कळली. माहजोंगच्या टेबलाखाली दुपटं सापडलं. मग काय! "देवाच्या दारात पाळणाघर? सोयर ते सोयर, वर लघवी!" कुलूप बदललं. घरमालक घरी एवढं शिजवू देत नाही, दुसरी जागा कोणी देत नाही. सध्या तीन घरांत वाटून शिजवतात आणि डबे गार होतात. हॉल मिळाला नाही तर हे सगळं बंद, रुईफांग कारखान्यात, आणि दोऊदोऊ माझ्या झोळीत.

तुला वाटेल आईला आनंद झाला असेल. झाला. एक संध्याकाळ झाला. दोऊदोऊला मांडीवर घेऊन मी तिला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून समुद्र कसा दिसतो ते सांगत बसले. रुईफांग समोर भाजी निवडत होती. एकच देठ पुन्हा पुन्हा मोडत राहिली. मी दोऊदोऊला तिच्या मांडीवर दिलं आणि भाजी माझ्याकडे ओढली.

एक वाट आहे. कंदिलांची पौर्णिमा फेब्रुवारीत येतेय. आपल्या गावची रीत तुला माहीत आहे: वर्षात ज्यांच्या घरी मुलगा झाला ते देवापुढे कंदील लावतात, त्या घरांच्या नावाने देवाला कौल लावतात, आणि ज्याला लागोपाठ तीन होकार मिळतील तो वर्षाचा मानकरी. हॉलची चावी त्याची, हॉलचं काय करायचं ते तोच ठरवणार. इथे मुलगे झालेले बाप सगळे दूर कढईपुढे, कंदील लावायला फिरकतात कोण! म्हणून दरवर्षी बाओशान काकाच पुतण्याचा नाही तर भाच्याचा मुलगा शोधून आणतात आणि चावी त्यांच्याच खिशात राहते.

रुईफांग म्हणते, "आई, दोऊदोऊचा कंदील लावू या."

मी म्हटलं, "मुलीचा कंदील लावत नाहीत."

"लावू नये असं देवाने म्हटलंय का?"

चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, असा प्रश्न एकानेही विचारला नाही. तूही नाहीस.

तुझी आई


१३ फेब्रुवारी २००६

शिंगवांग,

बर्फ पडला ते तुमच्याकडे टीव्हीवर दाखवलंच असेल. गाड्या गाडल्या गेल्या, बस बंद, रस्ता की शेत कळेना. गुडघाभर बर्फात काल कंदिलांची पौर्णिमा झाली. क्वीन्सकडचे गावकीचे पुरुष येऊच शकले नाहीत. बाओशान काका, त्यांचे दोन माहजोंगवाले मित्र, एवढेच. आणि आम्ही बायका, कारण आम्ही सगळ्या चालत येण्याइतक्या जवळ राहतो.

अंगाला बाळं बांधून, हातात कंदील घेऊन, एकीच्या पावलावर दुसरी पाऊल टाकत आम्ही आठव्या अॅव्हेन्यूवरून गेलो. दोऊदोऊचा कंदील रुईफांगने कारखान्यातल्या उरलेल्या रेशमी चिंध्यांचा शिवलाय. बिनबोलता शिवत होती, मला वाटलं झबलं असेल. एवढा देखणा कंदील मी गावातसुद्धा पाहिलेला नाही. तो मी धरला होता. मुद्दामच. म्हाताऱ्या मास्तरणीच्या हातातला कंदील हिसकावून घ्यायला छाती लागते.

काकांनी दारातच अडवलं. "मास्तरीणबाई, हे काय? यात मुली किती?"

"अर्ध्याहून जास्त."

"मुलीचा कंदील लावत नाहीत!"

"असं तुम्ही म्हणता. देव मागे बसलाय, त्याला विचारू या ना. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

काकांनी स्वतः कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी उचलल्या. मुलींचे कंदील चालतील का? टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला, होकारही नाही आणि नकारही नाही. काका म्हणाले, "बघा, हसतोय तुम्हाला." मी म्हटलं, "हसतोय ते कुणाला, ते पुढच्या कौलात कळेल." पुन्हा टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. होकार.

मग नावं. काकांच्या भाच्याचं नाव पहिलं: नकार. श्वेलियनच्या नवऱ्याचं: एक होकार, मग नकार. अशी नावं चालली होती. रीत म्हणून नाव घरच्या कर्त्याचं घेतात, म्हणून आमची पाळी आली तेव्हा काकांनी तुझं नाव वाचलं. होकार. होकार. तिसऱ्या वेळी एक कोर घरंगळत मेजाखाली गेली. सगळ्या बायका जमिनीवर आडव्या होऊन बघायला लागल्या, माहजोंगवाल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. होकार!

शिंगवांग, यंदाचा मानकरी तू आहेस.

काका लगेच म्हणाले, "मानकरी कुठे आहे? चावी तो स्वतःच्या हाताने घेतो. पुढच्या पौर्णिमेपर्यंत आला नाही तर पुन्हा कौल." हेही रीतीला धरून आहे, मला खोटं म्हणता येईना. पुन्हा कौल म्हणजे तोवर बर्फ वितळलेला असणार आणि क्वीन्सची सगळी फौज हजर.

घरी येताना मी रुईफांगला म्हटलं, तो येईल. ती म्हणाली, "आई, ते आले तर चावी घेऊन काय करतील ते तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. तू काकांच्या बाजूचा आहेस, पोर गावी जावी असं तुलाही वाटतं, हे दोघींनाही ठाऊक आहे. तरी आज ती पहाटे उठून तिघींच्या घरी शिजवायला गेली. बर्फात डबे पोहोचवले. एकही बाळंतीण उपाशी राहिली नाही.

माझं विमान पुढच्या पौर्णिमेनंतर लगेच आहे. मालक रजा देत नाही असं लिहू नकोस. ये आणि जे वाटेल ते कर, पण समोर येऊन कर.

तुझी आई


गाव
२५ मार्च २००६

शिंगवांग,

पोहोचले. गुडघे दुखतात, बाकी ठीक.

पौर्णिमेच्या दिवशी तू आलास, त्याबद्दल तुला पैकीच्या पैकी. पण काही गोष्टी तू पाठमोरा असताना झाल्या, त्या सांगायच्या राहिल्या.

तू हॉलमध्ये शिरलास, काकांनी सगळ्यांदेखत चावी तुझ्या तळहातावर ठेवली आणि खांद्यावर हात टाकून म्हणाले, "पुरुष माणूस आला, आता नीट होईल." दोऊदोऊने तुला बघून भोकाड पसरलं, ओळखत नाही रे ती तुला. आणि त्या तीन घरांत शिजवलेलं सगळं हॉलच्या मेजावर मांडत रुईफांगने काय विचारलं? 'कधी आलात'ही नाही. "हात धुतलेत का? मग ही झाकणं लावा, डबे निघायची वेळ झालीय." तू चावी खिशात टाकून झाकणं लावायला बसलास. दुपारपर्यंत लावत होतास. मधेच श्वेलियनने तिचं बाळ तुझ्या मांडीत टाकलं, ते तुझ्या शर्टावर ओकलं आणि तू तसाच झाकणं लावत राहिलास. काका दारात ताटकळून शेवटी निघून गेले.

मग तू उठलास आणि विचारलंस, "ही चावी कुठे ठेवू?" ती म्हणाली, "दाराजवळ खिळा आहे. ज्याला लागेल त्याला घेता आली पाहिजे." तू खिळ्याला लावायला वळलास. तेव्हा तुझी बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तू परत वळेपर्यंत तिने बाहीने तोंड पुसून कांदे हातात घेतले होते.

संध्याकाळच्या बसने तू गेलासही.

निघायच्या दिवशी मी दोऊदोऊला त्या तांबड्या झोळीत बांधलं. माझ्या नाही, तिच्या आईच्या पाठीला. गाठ कशी मारायची ते रुईफांगला शिकवलं. मी तिला म्हटलं, "पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो." सहा महिने पोटात ठेवलं होतं. ती म्हणाली, "ठाऊक होतं आई, तुम्ही नावं ठेवायचं थांबवलं तेव्हाच कळलं." चावट आहे.

विमानात माझ्या हातांचं काय करायचं ते मला कळेना. शेजारची एक आजी कुणाचंतरी तान्हं घेऊन चालली होती. तिला थोडा वेळ झोपू दे म्हणून मी ते मागून घेतलं. दोऊदोऊपेक्षा हलकं होतं.

गावात बायका वेशीपर्यंत आल्या होत्या, तांबडी अंडी उकडून. "नात कुठे, मास्तरीणबाई?" मी म्हटलं, "तिथे आहे, तिच्या आईजवळ." अर्ध्या जणींच्या कडेवर परदेशातून आलेली नातवंडं होती. अंडी आम्ही तिथेच सोलून खाल्ली. पाळणा मी तिसऱ्या मजल्यावर तसाच ठेवलाय, त्यात आता लसूण वाळवते.

काल रुईफांगचा फोन आला. दवाखान्यातल्या बायकांनी तिला बोलावून विचारलं म्हणे, आमच्याकडच्या बाळंतिणींना पाणी कसं द्यावं, जेवण काय द्यावं. ती दुभाषी घेऊन गेली आणि बर्फाचं पाणी बंद करून आली. शेजारच्या गावकीच्या बायका तिला विचारायला येतात, आमच्याही हॉलची चावी कशी मिळवायची. बाओशान काका पेंगणाऱ्या बाळांना पाळणागाणी म्हणतात, बेसूर. सगळे तिला आता 'रुईफांग ताई' म्हणतात, काकासुद्धा. फोनमध्ये मागून दोऊदोऊ ओरडत होती, पहिला दात आलाय. मी तो दात पाहिलेला नाही. तूही नाहीस.

त्या चार मजल्यांत माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, शिंगवांग. ती पोर आणायची म्हणून मी समुद्र ओलांडला आणि रिकाम्या हाताने परत आले, कारण तिची जागा तिथे आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी माझी नात सोडून आले. तुला एक बुफे सोडवत नाही?

तुझी आई